वेग कोणावर अवलंबून?

बी.एस्सी.च्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक प्रॅक्टिकल आहे. मिथाइल अ‍ॅसिटेट आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल एका बाटलीत मिसळायचे, घड्याळ लावायचे आणि दर दहा मिनिटांनी त्यातले पाच मिलिलिटर पिपेटने काढून बर्फाच्या पाण्यात सोडायचे. बर्फ अशासाठी, की काढलेल्या नमुन्यातली क्रिया आहे तिथे थबकावी. मग ब्युरेटची तोटी किंचित फिरवून कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. फिकट गुलाबी झाक आली आणि हलवूनही टिकली, की आकडा वहीत. एक थेंब जास्त पडला तर सगळे भडक राणी रंगाचे होते, पुढचा नमुना काढायची वेळही टळते. मग शेजारच्या टेबलावरून आकडा उसना घेतला जातो. शेवटी आलेखाच्या कागदावर ठिपके एका रेषेत बसले, की सरांची सही. ती रेषा काय सांगते, हे विचारायची फुरसत सहसा ना विद्यार्थ्याला असते ना सरांना.

क्रिस्टोफर इंगोल्ड यांनी ती फुरसत काढली. रेणू कसे मोडतात आणि कसे जुळतात हे कोणीच पाहिलेले नव्हते, त्या काळात त्यांनी अशा रेषांवरून त्याचा माग काढला. बारावीच्या विज्ञान शाखेचा मुलगा ज्याला नुसते ‘मेकॅनिझम’ म्हणतो, त्या विषयाची आजची भाषा बव्हंशी त्यांची आहे. ‘न्यूक्लिओफाइल’ आणि ‘इलेक्ट्रोफाइल’ हे शब्द त्यांनी १९३३ मध्ये रूढ केले. ‘एसएन-१’ आणि ‘एसएन-२’ ही लेबले त्यांची. रेणूचा डावा-उजवा प्रकार सांगणाऱ्या ‘आर’ आणि ‘एस’ या खुणांमागचे नियम कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग या तिघांच्या नावाने ओळखले जातात. लातूरच्या शिकवणीत बसलेली मुलगी दिवसभरात इंगोल्ड यांचे शब्द शंभर वेळा लिहीत असेल, त्यांचे नाव मात्र तिने ऐकलेले नसेल. यात तिचा दोष नाही. पाठ्यपुस्तकात माणसे नसतात, फक्त बाण असतात.

इंगोल्ड यांचा जन्म १८९३ चा, लंडनचा. वडिलांच्या आजारपणामुळे कुटुंब वाइट बेटावरच्या शँकलिन गावी गेले. मुलगा पाच वर्षांचा असताना वडील गेले. साउदॅम्प्टनच्या महाविद्यालयातून पदवी, मग लंडनच्या इंपीरियल कॉलेजात संशोधन आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला ग्लासगोच्या एका रसायन कारखान्यात नोकरी. तिथे विषारी वायूच्या वातावरणात जीव धोक्यात घालून केलेल्या कामाबद्दल त्यांना सरकारी पदक मिळाले. या पदकाबद्दल ते पुढे आयुष्यभर बोलले नाहीत. १९२४ मध्ये, तिशीच्या आसपास, ते लीड्सला प्राध्यापक झाले. १९३० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले आणि तिथेच राहिले.

आता ती रेषा. समजा, एका कार्बन अणूवर ब्रोमीन किंवा क्लोरीन बसला आहे आणि त्याची जागा दुसऱ्या कोणाला घ्यायची आहे. मुंबईच्या लोकलमध्ये रोज हेच चालते. एक प्रकार असा, की बसलेला माणूस दादरला उतरायचे म्हणून आपण होऊन उठतो आणि जवळचा कोणी पटकन टेकतो. सीट कधी रिकामी होणार हे फक्त बसलेल्याच्या हातात. समोर तिघे उभे असोत की तीस, दादर त्याने लवकर येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे उभ्या असलेल्याने खांदा घालून सरकत यायचे आणि त्याच रेट्यात बसलेल्याने उठायचे. इथे उभे असणारे जितके जास्त, तितका रेटा जास्त आणि जागेची अदलाबदलही तितकी लवकर. रसायनशास्त्रात पहिल्याला एसएन-१ म्हणतात, दुसऱ्याला एसएन-२. टर्शरी ब्युटाइल क्लोराइड पहिल्या वाटेने जाते: द्रावणात अल्कली दुप्पट केली तरी त्याच्या वेगात फारसा फरक पडत नाही. मिथाइल ब्रोमाइड दुसऱ्या वाटेने जाते: अल्कली दुप्पट, वेग दुप्पट. डोळ्यांना न दिसणाऱ्या घटनेत एक जण सामील आहे की दोघे, हे घड्याळ आणि ब्युरेट सांगू शकते. वेग कोणाकोणावर अवलंबून आहे एवढे विचारा, आणि आत कोण कोण होते ते कळते.

दुसऱ्या वाटेबद्दल मात्र एक जुना पेच होता. १८९६ मध्ये पाउल वाल्डेन यांना आढळले होते, की अशा अदलाबदलीत रेणूची ‘बाजू’ कधी कधी उलटते. उजवा रेणू डावा होतो. कधी उलटते, कधी नाही, याचा नियम हाती लागत नव्हता. १९३५ मध्ये इंगोल्ड यांचे सहकारी एडवर्ड ह्यूज आणि त्यांच्या साथीदारांनी त्याचा निकाल लावला. तो प्रयोग थोडे थांबून पाहण्याजोगा आहे.

त्यांनी आयोडीन असलेला एक रेणू घेतला, आयोडोऑक्टेन. त्यातला एकाच हाताचा प्रकार निवडला. अशा द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याचे प्रतल ठरावीक बाजूला वळते. मग अ‍ॅसिटोनमध्ये त्याला सोडियम आयोडाइडची सोबत दिली. आता आयोडीन जातो आणि आयोडीनच येतो. रासायनिकदृष्ट्या काहीच बदलत नाही, पण प्रकाशाचे वळणे हळूहळू कमी होत शून्यावर येते. म्हणजे काही रेणू नक्की उलटताहेत. प्रत्येक अदलाबदलीत उलटतात की अधूनमधून, हा प्रश्न. हिशेब राजकारणातला आहे. एक आमदार फुटून पलीकडे गेला की बहुमत एकाने नव्हे, दोनाने घटते. इकडचा एक कमी, तिकडचा एक जास्त. तसेच इथे: प्रत्येक अदलाबदलीला रेणू उलटत असेल, तर प्रकाशाचे वळणे अदलाबदलीच्या बरोबर दुप्पट वेगाने मंदावले पाहिजे. पण अदलाबदल मोजायची कशी, दोन्हीकडे आयोडीनच? तर येणाऱ्या आयोडीनवर खूण करायची. खूण म्हणजे किरणोत्सर्ग. त्यांनी वापरलेल्या किरणोत्सर्गी आयोडीनची अर्धी ताकद अवघ्या पंचवीस मिनिटांत संपते. कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लागून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. तयार करा, मिसळा, वेगळे करा, मोजा, आणि हे सगळे खूण पुसली जायच्या आत. आकडे आले. प्रयोगाच्या चुकीची मर्यादा धरून, बरोबर दुप्पट. म्हणजे येणारा नेहमी मागच्या बाजूने येतो आणि प्रत्येक वेळी रेणू उलटतो. पाठ्यपुस्तके इथे वाऱ्याने उलटणाऱ्या छत्रीचे चित्र काढतात. छत्री लक्षात राहते. दुपटीचा हिशेब, ज्यात खरी बुद्धी होती, तो परीक्षेत विचारला जात नाही म्हणून गळून पडतो.

आपल्याकडे मेकॅनिझम लिहायचे म्हणजे वाकडे बाण काढायचे. हे बाण इंगोल्ड यांचे नव्हेत. ते रॉबर्ट रॉबिन्सन यांचे, आणि या दोघांचे हाडवैर होते. विल्यम करमॅक यांच्यासोबत रॉबिन्सन यांनी १९२२ मध्ये असे बाण छापले. (या करमॅकांचे पुढचे आयुष्य वेगळाच विषय आहे. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघाताने त्यांची दृष्टी गेली. पुढे गणिताकडे वळून मॅकेंड्रिक यांच्यासह त्यांनी १९२७ मध्ये साथीच्या रोगांचे जे गणित मांडले, ते ताडून पाहायला १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगचे मृत्यूंचे आकडे वापरले होते. करोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून दिसणाऱ्या साथीच्या टेकडीसारख्या आलेखांचे मूळ तिथे आहे.) रॉबिन्सन यांची तक्रार अशी, की इलेक्ट्रॉनच्या भाषेत सेंद्रिय क्रिया समजावण्याची कल्पना आपली आणि रसायनशास्त्रज्ञ लॅपवर्थ यांची, इंगोल्ड आधी विरुद्ध बाजूला होते, १९२६ च्या सुमारास इकडे आले, नवे शब्द पाडले आणि श्रेय घेऊन गेले. तक्रारीत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण शब्द पाडणे ही किरकोळ गोष्टही नव्हे. रॉबिन्सन यांच्याकडे प्रतिभा होती, इंगोल्ड यांच्याकडे प्रतिभा होती आणि मोजपट्टीही. १९४७ चे नोबेल रॉबिन्सन यांना मिळाले, इंगोल्ड यांना ते कधीच मिळाले नाही. रॉबिन्सन यांनी आत्मचरित्राच्या नावात स्वतःला ‘छोटा प्रेषित’ म्हणवून घेतले. त्यावर इंगोल्ड यांच्या चरित्रकाराने आपल्या नायकाला ‘मोठा प्रेषित’ म्हणून परतफेड केली. आज मात्र जगातल्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत बाण एकाचे आणि शब्द दुसऱ्याचे, एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदतात.

रॉबिन्सन यांचे एक टोक आपल्यापर्यंतही येते. मँचेस्टरला त्यांच्या हाताखाली शिकलेले के. वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (युडीसीटी) पहिले भारतीय संचालक झाले, नंतर १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ही त्यांच्या नावाची क्रिया आजही मेकॅनिझमच्या प्रश्नपत्रिकेत येते.

आता त्या ओळीकडे येऊ, जी अशा प्रत्येक चरित्रनोंदीत सर्वांत शेवटी असते. छंद. इंगोल्ड यांच्या नावापुढे तिथे लिहिलेले असते: कडे चढणे आणि पक्षी पाहणे. रॉबिन्सन यांच्या नावापुढे गिर्यारोहण आणि बुद्धिबळ. ते १९५० ते १९५३ ब्रिटिश बुद्धिबळ संघाचे अध्यक्ष होते. म्हणजे हे दोन वैरी निदान डोंगराच्या बाबतीत एका मताचे होते. ह्यूज यांचा थाट आणखी निराळा. उत्तर वेल्सच्या शेतकरी कुटुंबातले धाकटे अपत्य, मातृभाषा वेल्श. त्यांना ग्रेहाउंड कुत्र्यांचा नाद होता, पाळण्याचा आणि शर्यतीत पळवण्याचा. क्रियांचे वेग मोजण्यात हयात घालवलेल्या माणसाने संध्याकाळी कुत्र्यांचे वेग बघायला जावे, यात गंमत आहे खरी. वेंकटरामन यांच्या आधी पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेचे संचालक असलेले जॉर्ज फिंच यांनी तर १९२२ मध्ये एव्हरेस्टवर प्राणवायूच्या नळकांड्या पाठीला लावून सुमारे ८,३०० मीटरपर्यंत मजल मारली होती. त्या प्रयोगशाळेसमोरच्या पाषाण रस्त्यावरून जाताना किती जणांना हे ठाऊक असते, कोण जाणे.

इथे लेखणी घसरण्याचा धोका आहे. डोंगर चढणाऱ्यालाच क्रियेतला चढ दिसतो, असे लिहिण्याचा मोह कोणालाही होईल, आणि साहित्यही हाताशी आहे. क्रियेचा ऊर्जेचा आलेख हा डोंगराचाच असतो. इकडच्या खोऱ्यातून तिकडच्या खोऱ्यात जायचे, तर क्रिया शिखरावरून जात नाही, खिंडीतून जाते. सर्वांत कमी चढाची वाट धरते. एसएन-२ ला एकच खिंड, एसएन-१ ला दोन आणि त्यांच्यामध्ये एक उथळ खळगा, जिथे अर्धवट मोडलेला रेणू क्षणभर विसावतो. बोरघाटातून गेलेल्या कोणालाही हे समजेल. पण म्हणून कड्यावर चढताना इंगोल्ड यांना एसएन-२ सुचले असे म्हणणे म्हणजे त्यांच्याच शिकवणुकीला हरताळ फासणे. दोन गोष्टी एका माणसात सापडल्या, म्हणून एकीतून दुसरी निघाली असे होत नाही. तेवढ्या पुराव्यावर त्यांनी कोणत्याही विद्यार्थ्याचा निबंध परत केला असता. छंदांनी शोध लागत नाहीत. लागले असते, तर सह्याद्रीतल्या दर रविवारच्या गर्दीतून केवढी तरी नोबेल निघाली असती.

मग त्या शेवटच्या ओळीला काय विचारावे? आम्हाला वाटते, इंगोल्ड यांनी क्रियेला विचारला तोच प्रश्न. वेग कोणावर अवलंबून होता? डोंगरावर जाणाऱ्याचा दिवस कोणी मोकळा केला?

इंगोल्ड यांचे लग्न १९२३ मध्ये झाले. पत्नी हिल्डा अशरवूड. त्या स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या, डी.एस्सी. मिळवलेल्या, दोघांची ओळख इंपीरियल कॉलेजातली. लीड्सला त्या प्रयोगशाळेत होत्या आणि निबंधांवर त्यांचे नाव येत होते. मग तीन मुले झाली, लंडन आले, आणि पुढे त्या प्रयोगशाळेपेक्षा विभागाच्या कार्यालयीन कामात अधिक दिसू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात विभाग लंडन सोडून वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरिस्टविथला हलवावा लागला. तो संसार आणि तो विभाग दोन्ही हलवणे म्हणजे काय, याची कल्पना बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या कोणत्याही गृहिणीला करता येईल. १९५३ मध्ये सेंद्रिय क्रियांवरचा इंगोल्ड यांचा जाडजूड ग्रंथ आला, १९५८ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, १९६९ मध्ये ग्रंथाची हजाराहून जास्त पानांची दुसरी आवृत्ती निघाली आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात ते गेले. मुलगा कीथ रसायनशास्त्रज्ञच झाला. कॅनडात मुक्त मूलकांवर त्याने मोठे काम केले.

या घरातली क्रिया दुसऱ्या वाटेची, एसएन-२ ची होती. वेग दोघांवर अवलंबून होता. इतिहासाने ती पहिल्या वाटेची म्हणून नोंदवली, एवढेच. हिल्डा यांचा कामाबाहेरचा वेळ कोणता आणि कामाचा कोणता, ही रेघच त्यांच्यासाठी वेगळ्या ठिकाणी ओढलेली होती. नवऱ्याच्या नोंदीत जी ओळ ‘छंद’ म्हणून शेवटी येते, तिथे त्यांच्या नोंदीत नवऱ्याचेच काम येते. यासाठी इंगोल्ड यांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे कारण नाही. त्या काळाच्या मानाने पत्नीला सहलेखक म्हणून मान देणारे ते पुरुष होते. पण काळाच्या मानाने हा शब्द वापरला, की हिशेब संपतो असेही नाही.

आपल्याकडे ही चर्चा आणखी एका कारणाने करावी लागते. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवणारा तरुण आज तासिका तत्त्वावर आहे. नेट किंवा सेट झालेला, बहुधा पीएच.डी. केलेला, सकाळी एका गावात एसएन-१, दुपारी मोटारसायकलवरून दुसऱ्या गावात एसएन-२, आणि मोबदला तासावर. सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. जे कायम झाले आहेत त्यांच्या टेबलावर नॅकच्या फायली आणि बढतीसाठी मोजायचे गुण. या माणसाला आपण संशोधन का करत नाही म्हणून विचारतो. छंद काय, हे तर विचारतच नाही. विचारले, तर तो हसेल. बाई असेल तर तिला हसायलाही वेळ नसतो: कॉलेज सुटल्यावरची तिची दुसरी पाळी घरी चालू होते आणि कोणत्याही गुणपत्रकात ती मोजली जात नाही. ज्याला बर्फाच्या पाण्यात पडलेला नमुना शांतपणे बघायला वेळ आहे, त्यालाच रेषा काय म्हणते ते ऐकू येते. इंगोल्ड यांच्याकडे बुद्धी होती हे खरेच, पण त्यांच्याकडे पगार होता, पद होते, ह्यूजसारखा तीस वर्षे न सोडणारा साथीदार होता आणि घरी हिल्डा होत्या. यातला एकेक घटक कमी करत गेले तर वेग किती उरतो, याचा प्रयोग आपण गेली कैक वर्षे करतो आहोत.

रॉबिन्सन यांची सारी तक्रार ज्या वळणाबद्दल होती, इंगोल्ड जुनी बाजू सोडून इलेक्ट्रॉनच्या भाषेकडे कधी आले, ते वळण एका निबंधात सापडते. लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात तो १९२६ मध्ये छापून आला. सेंद्रिय रसायनशास्त्राचे इतिहासकार त्याचा उल्लेख वारंवार करतात, आणि संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीप्रमाणे फक्त आडनावे देतात. त्यामुळे ते लिहिले जाते ‘इंगोल्ड आणि इंगोल्ड’ असे. घाईने वाचणाऱ्याला वाटावे, छापणाऱ्याने एकच नाव चुकून दोनदा जुळवले.